पहिल्या दोन मिनिटांत भूत नको

लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्न पाठवावेत, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली. प्रेमकथा एकही नाही, सामाजिक आशय चवीपुरता, बाकी सगळीकडे भुतंच भुतं. म्हटलं, हा महिना त्यांचाच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी साउंडवाली. मालिका, सिनेमा, जाहिरात, जिथे बूम (लांब काठीवरचा माइक) धरायला बोलावतील तिथे जाते. तेव्हा उत्तरं जरा कानाच्या बाजूला झुकलेली असणार, हे धरून चाला.

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरला मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. चौघांनी मिळून एका भयपटाची फक्त सुरुवातीची दोन मिनिटं करायची आहेत, पूर्ण सिनेमा नाही. आमची गोष्ट अशी आहे : अमावस्येची रात्र, पडका वाडा, पैज लावून आत गेलेले चार मित्र, आरशात पांढऱ्या साडीतली बाई, मेणबत्ती विझते, किंकाळी, टायटल. स्क्रिप्ट पाच पानांचं झालंय. सर म्हणाले, "यात तुमचं काय आहे?" बाईची एंट्री कितव्या सेकंदाला ठेवली तर लोक जास्त घाबरतील?
— चार विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : कितव्याच नाही. बाईंना मानधन देऊन घरी पाठवा.

आधी हिशेब करू. नीट मांडलेल्या पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. पाच पानं दोन मिनिटांत कोंबलीत तर चार मित्रांपैकी एकाचंही नाव प्रेक्षकाच्या लक्षात राहणार नाही. ज्याची ओळखच झाली नाही त्याच्या जिवाची काळजी कोण करणार? चाराचा एक करा. एकटा माणूस असला की संवादही आपोआप गळतात, आणि विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये सगळ्यात आधी उघडा पडतो तो संवादच.

दुसरं, दचकवणं हे सुरुवातीचं काम नव्हे. शांत खोलीत कुणी मागून परात आपटली तरी माणूस दचकतो आणि लगेच हसतो. हसला की भीती गेली. सुरुवातीने रोजचं एक जग दाखवायचं, अगदी बारकाईने, आणि त्यातली एकच गोष्ट वाकडी करून सोडून द्यायची. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (१९७५) पहिल्याच प्रसंगात मुलगी पाण्यात खेचली जाते, पण शार्क दिसत नाही. आपल्याकडे 'लपाछपी'ने (२०१७) अंधाऱ्या वाड्याऐवजी उसाचा फड वापरला आणि भर दिवसा घाबरवलं. कोल्हापूरच्या पोरांनी ऊस सोडून पडका वाडा शोधत फिरावं, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आता भुताकडे येऊ. तुमची बाई नक्की कोण आहे? आपल्याकडे प्रत्येक भुताचा पत्ता ठरलेला, स्वभाव ठरलेला. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ. कोकणात वेशीवरचा देवचार, तो तर बरेचदा राखणदारच. नुसती पांढरी साडी म्हणजे कुणीच नाही. या सगळ्या गोतावळ्यात विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारं भूत एकच आहे, ते म्हणजे चकवा. मेकअप नाही, कपडे नाहीत, दात नाहीत. माणूस ओळखीच्या वाटेने घरी निघतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. जुनी माणसं सांगायची, चकवा लागला की चालू नये, उजाडेपर्यंत आहे तिथे बसून राहावं. लोकेशन एकच लागतं, कारण दुसरं लोकेशन येतच नाही हीच तर गोष्ट.

उदाहरण देते. आवडलं तर घ्या, मोडून-तोडून घ्या.

संध्याकाळची वेळ. गोठ्यात धार काढून झालीय. विशीतला एक मुलगा दुधाची किटली मोटारसायकलला अडकवतो. झाकण सैल आहे, म्हणून खाली फडकं लावतो. डेअरीत दूध घालायला निघतो. खड्डा आला की झाकण वाजतं : ठण, ठण. रस्त्याकडेला दगड आहे, त्यावर गावाचं नाव आणि "२ किमी". तो जातो. वळण, दोन्हीकडे ऊस. परत दगड, परत "२ किमी". तो जरा हळू होतो, पण थांबत नाही. आपणही थांबलो नसतो. तिसऱ्यांदा दगड येतो तेव्हा हेडलाइटच्या उजेडात त्याला रस्त्यावर दुधाच्या थेंबांची ओळ दिसते, त्याच्या चाकाच्या *पुढे* गेलेली. तो गाडी बंद करतो. उतरतो, बोट लावून बघतो. ओलं आहे. आता गाडी बंद, किटली गप्प. आणि पुढच्या वळणापलीकडून आवाज येतो : ठण, ठण.

टायटल.

यात रक्त नाही, किंकाळी नाही, आणि पुढे काय हे बघायला मी तरी बसेन. किटलीचं झाकण पहिल्या अर्ध्या मिनिटात नीट ऐकवलंत तरच शेवटचा ठोका लागू पडेल. म्हणून गोठ्यातला भाग घाईने उरकू नका. झाकण, फडकं, हातावर सांडलेलं दूध पँटला पुसणं, हे जवळून दाखवा. दोन मिनिटांतली तीस-पस्तीस सेकंदं त्यावर गेली तरी चालतील.

तयारीचं सांगते. दगड शोधत बसू नका, थर्माकोलचा करा, हवा तिथे ठेवता येतो आणि तीन वेळा तीन ठिकाणी ठेवला तरी तो "तोच" दगड राहतो. ज्या गावात मूकपटांच्या काळात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, तिथल्या पोरांना एक दगड जड जाऊ नये. डांबरावर खरं दूध सांडू नका. कॅमेऱ्यात ठसठशीत दिसायला मैदा कालवलेलं पाणी पुरतं, आणि दूध वाया गेलेलं बघून ज्यांच्या गोठ्यात शूट करताय ती मावशी तुम्हाला परत दारात उभं करणार नाही.

रेकी, म्हणजे जागेची आधी जाऊन केलेली पाहणी, ज्या वेळी शूट करायचंय त्याच वेळी करा. सकाळी अकराला जाऊन "मस्त शांत जागा आहे" म्हणणारे खूप बघितलेत. संध्याकाळी तिथे आरतीचा भोंगा असतो, विहिरीवरची मोटर असते, आणि गळीत हंगाम चालू असेल तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या. त्यांच्यावरची गाणी तुम्हाला माहीतच आहेत. पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहा, फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन हेडफोनवर ऐका.

मग त्याच जागी फोनने फोटो काढा, शॉटमागे एक. मित्राला मुलगा म्हणून उभा करा, गाडी नसेल तर सायकल चालेल. ते फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर बरोबर दोन मिनिटांत बसवा आणि खाली तोंडाने आवाज करा. हो, तोंडाने "ठण ठण". ही फोटोंची फिल्म वर्गातल्या कुणाला तरी दाखवा आणि दगड तोच आहे हे त्याला कधी कळलं ते विचारा. दुसऱ्या दगडालाच कळलं तर छान. चौथ्यांदा दाखवावा लागतोय असं वाटलं तर दगड फ्रेममध्ये फार लहान आहे. हे सगळं कागदावर आणि फोटोंत सुधारायला पैसे पडत नाहीत. शूटच्या दिवशी पडतात.

शेवटचं, चौघांची कामं लिहून काढा. एक दिग्दर्शन, एक कॅमेरा, एक आवाज, एक प्रॉडक्शन आणि कंटिन्युइटी (आधीच्या-पुढच्या शॉटमधल्या गोष्टी जुळतात ना, ते बघणं). दोन दिग्दर्शक ठेवू नका, मैत्री टिकवायची असेल तर नाहीच. आणि जो मुलगा गाडी चालवेल त्याच्याकडे लायसन्स असू द्या. हेल्मेट घातलेलं वाईट दिसत नाही, उलट चेहरा झाकलेला माणूस भयपटाला बराच उपयोगी पडतो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. रात्री शूट केलं तर सगळं काळं आणि दाणेदार येतं. घरातला एलईडी दिवा लावला तर पट्टे फिरतात. मोठे लाइट भाड्याने घेण्याची ऐपत नाही. काय करू?
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : रात्री शूट करू नकोस. सूर्य मावळल्यावर पंचवीसेक मिनिटं आकाश निळं असतं, तोवर मोबाइललाही दिसतं आणि पडद्यावर रात्रच वाटते. अडचण एवढीच की ती मिनिटं पटकन संपतात. म्हणून ज्या शॉटमध्ये आकाश किंवा लांबचा रस्ता आहे तेवढेच त्या वेळात काढ. हात, पाय, चेहरा, कुलूप हे जवळचे शॉट दुसऱ्या दिवशी सावलीत काढले तरी खपतात.

दिवसा रात्र काढण्याची युक्तीही जुनी आहे. वर 'जॉज'चं लिहिलंय, त्यातला तो रात्रीचा पोहण्याचा प्रसंगही दिवसाच चित्रित केलेला. सूर्य पात्राच्या मागे ठेव, आकाश फ्रेमबाहेर ठेव, एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) मुद्दाम खाली आण, व्हाइट बॅलन्स (चित्र पिवळट की निळसर हे ठरवणारं सेटिंग) बल्बच्या आकड्यावर म्हणजे ३२०० केल्विनच्या आसपास ठेव. चित्र निळसर आणि गडद होतं. आकाश फ्रेममध्ये आलं की सोंग उघडं पडतं, तेवढं सांभाळ.

पट्ट्यांचं कारण आपली वीज. भारतात ती ५० हर्ट्झची, दिवे तिच्या तालावर लुकलुकतात. मोबाइलमध्ये मॅन्युअल कंट्रोल देणारं अॅप घाल, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव. बहुतेक दिव्यांचे पट्टे जातात. काही स्वस्त एलईडी तरीही ऐकत नाहीत, तो दिवा बदल. एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक कर, नाहीतर पात्र अंधारात शिरलं की फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि भीतीचं वाटोळं होतं.

लाइटसाठी : एक चांगली बॅटरी, एक बटर पेपर (बॅटरीपुढे धरून उजेड मऊ करायला), एक थर्माकोलची शीट. बॅटरी भिंतीवर किंवा थर्माकोलवर मारून परत येणारा उजेड चेहऱ्यावर घे. खालून तोंडावर बॅटरी मारायची नाही, तो शाळेच्या सहलीतला विनोद आहे. आणि सगळं दिसलंच पाहिजे असा हट्ट सोड. दाराची चौकट दिसली आणि आतला काळोख दिसला नाही, तर प्रेक्षक तुझं अर्धं काम करतो.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मैत्रिणींबरोबर एका पडक्या वाड्यात रात्री शूटिंग करणार म्हणते. आधी किल्ल्यावर जाणार होत्या. नाही म्हटलं तर रुसते, हो म्हणायचं धाडस होत नाही. भुताची भीती नाही, पण तुम्ही काय सल्ला द्याल?
— एक वडील, सातारा

उत्तर : काका, भूत सोडून बाकी सगळ्याची भीती बाळगा, ती रास्त आहे. पडक्या वाड्यातला लाकडी मजला वरून चांगला दिसतो आणि खालून वाळवीने खाल्लेला असतो. वरच्या मजल्यावर कुणी जायचं नाही, हा नियम शूटच्या आधी ठरवायला सांगा. दगडांच्या भेगांत आणि पडलेल्या कौलांखाली साप-विंचू असतात. पायात बूट, हातात बॅटरी, आणि हात घालण्याआधी काठी घालायची.

याहून मोठी भीती मला मेणबत्तीची वाटते. मुलींच्या भयपटात मेणबत्त्या आणि मोकळे सोडलेले केस असतातच, वर सिंथेटिक साडी. ती पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते. सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या दुकानात मिळतात, पडद्यावर फरक कळत नाही. खरी ज्योत हवीच असेल तर सुती साडी, केस बांधलेले, आणि कॅमेऱ्याबाहेर पाण्याची बादली घेऊन दुसरं काहीही काम नसलेली एक मुलगी.

परवानगीबद्दल. खाजगी वाडा असेल तर मालकाची सही असलेलं पत्र हवं, शेजाऱ्याचं तोंडी "जा की" पुरत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवा. रात्री किंकाळ्या ऐकून कुणी फोन केलाच तर त्यांना आधीच माहीत असतं. किल्ल्याचा बेत सोडला हे बरं केलं. रायगड, पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. संरक्षित वास्तूत चित्रीकरण करायचं तर त्या-त्या खात्याकडे आधी अर्ज करावा लागतो, आणि कॉलेजच्या सबमिशनची तारीख ते विचारत नाहीत.

मुलीकडून कॉल शीट मागा. कोण, कुठे, किती वाजता, परत कसे, जवळचा दवाखाना कोणता. ती लिहून देता आली तर त्यांची तयारी आहे. देता आली नाही तर शूट पुढे ढकलायचं, रद्द करायचं नाही. आणि तुम्हीच का जात नाही? गाडी काढा, चहाचा थर्मास घ्या, लांब बसा. कुठल्याही युनिटला असा माणूस सोन्यासारखा.

एक विनंती सगळ्यांनाच. लिंबू, कुंकू, बाहुली असलं काही प्रॉपर्टी (दृश्यात ठेवायची वस्तू) म्हणून वापरलंत तर पॅकअपला मोजून परत आणा. तुमच्यासाठी ती प्रॉपर्टी, सकाळी शेतावर जाणाऱ्या म्हातारीसाठी ती करणी. मग गावात नको त्या माणसावर संशय जातो.

प्रश्न : भयपटासाठी इंटरनेटवरून संगीत आणि इफेक्ट घेतले तर चालतात का? आमचं एडिटिंग झालंय, पण संगीताशिवाय भीतीच वाटत नाही.
— विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : संगीताशिवाय भीती वाटत नसेल तर संगीताने झाकणार ते एडिटिंगच आहे. आधी पूर्ण आवाज बंद करून बघ, मग फक्त खरे आवाज घालून बघ. तरीही पोकळ वाटलं तर संगीताकडे जा. कुणाचंही गाणं उचलू नकोस. "फ्री" लिहिलेल्या फाइलचंही लायसन्स वाच. काहींना श्रेय द्यावं लागतं, काही फक्त घरगुती वापरापुरत्या असतात.

आणि ते तयार इफेक्ट! तीच परदेशी घुबडं, तोच दाराचा करकराट मी इतक्या फिल्म्समध्ये ऐकलाय की ते दार आता माझ्या ओळखीचं झालंय. तुझ्या घरात, चाळीत, आजोळी काय वाजतं ते शोध. आजीच्या घरी जातं असेल तर ते रिकामं फिरवून रेकॉर्ड कर. रिकाम्या घरात मध्यरात्री जात्याची घरघर, याच्यापुढे कुठलाही सिंथेसायझर नको. हाड मोडायला ऊस किंवा गाजर, ओलसर काही सरपटायला साबणाच्या पाण्यातलं फडकं, आणि न दिसणाऱ्याचा श्वास हवा असेल तर रिकाम्या घागरीत तोंड घालून हळू श्वास घे, माइक घागरीच्या काठाशी.

रातकिडे तर आपल्याला फुकट मिळालेला वाद्यवृंद आहे. कुणी जवळ आलं की ते गप्प होतात, हे गावाकडच्या कुणालाही ठाऊक असतं. एकदा कोकणात रात्री मी अॅम्बियन्स, म्हणजे परिसराचा आवाज, घेत होते, हेडफोन कानाला. डाव्या बाजूचे किडे बंद झाले. मग थोडे जवळचे. मग समोरचे. माझ्या मागे उभा असलेला पोरगा कुजबुजला, "मॅडम, काय झालं?" कारण मी श्वास धरलेला त्याला दिसला होता. झुडपातून एक कुत्रं आलं आणि माझ्या पिशवीतली बिस्किटं हुंगायला लागलं. पण ते येईपर्यंतचा जो अर्धा-एक मिनिट होता, तो मला कुठल्याच लायब्ररीत सापडलेला नाही. तू हे मुद्दाम रच : किड्यांचा आवाज आधी बराच वेळ ठेव, इतका की लोक तो ऐकेनासे होतील. मग एका बाजूने तोड.

प्रत्येक जागी किमान एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता शांततेतला आवाज, घे, सगळ्यांनी गप्प उभं राहून, फ्रिज आणि पंखा बंद करून. तो नसेल तर प्रत्येक कटला आवाजाला भोक पडतं. आणखी एक, सर तुझी फिल्म बहुतेक फोनवर बघतील. फोनच्या स्पीकरमधून खोल घुमणारा आवाज निघतच नाही. ज्या गुरगुरण्यावर तू रात्रभर बसलीस ते त्यांना ऐकूच येणार नाही. भीती मधल्या पट्टीत ठेव : खरडणं, कुजबुज, झाकण, कडी.

प्रश्न : घरच्या घरी रक्त कसं करायचं? कुंकवाचं केलं तर गुलाबी दिसतं.
— विद्यार्थी, जळगाव

उत्तर : केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आण, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा अगदी एक थेंब. कोकोने ते गुलाबीवरून तपकिरीकडे येतं. पातळ झालं तर थोडा मक्याचा स्टार्च. आधी बशीत करून ज्या उजेडात शूट आहे तिथे फोनने बघ. डोळ्यात जाऊ देऊ नकोस, भाड्याच्या कपड्यावर लावू नकोस. आणि ते गोड असतं. अभिनेत्याला जमिनीवर मेलेला झोपवणार असशील तर आधी मुंग्यांची वाट बघ कुठून जाते ते.

प्रश्न : टायटल कुठे टाकावं? अक्षरांतून रक्त ठिबकवणारा फॉन्ट सापडलाय.
— विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : फॉन्ट डिलीट कर. साधं, बारीक, पांढरं अक्षर, काळ्यावर. आधी देवनागरी जोडाक्षरं तपास, फुकटच्या फॉन्टमध्ये "क्ष" आणि "र्‍य" हमखास मोडतात. टायटल प्रश्न पडल्यावर लगेच टाक, उत्तराचा वास यायच्या आत, आणि त्यावर "धडाम" आवाज लावू नकोस. आधीच्या शॉटचाच आवाज टायटलवर चालू ठेव. नावं शेवटी. आईबाबांचे आभार मानायचे असतील तर तेही शेवटीच, आणि त्यांचं आडनाव नीट लिहिलंय का ते दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे.